आधीच्या खेपेला त्रास झालेला असताना बाळाचं नाव केव्हा आणि कसं ठरवावं?

ओंजळ

आधी गर्भपात झालेला असेल, मृतजन्म झाला असेल किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ गेलं असेल, तर पुन्हा दिवस गेल्यावर नावाचा विषय काढायलाही घरात कोणी धजत नाही. आधी ठरवलं तर दृष्ट लागेल असं वाटतं. ठरवलं नाही तर या बाळाचं आपण काहीच कौतुक केलं नाही, ही बोच राहते. नावांच्या याद्यांचे धागे इथे आधीच भरपूर आहेत, त्यामुळे इथे याद्या नकोत. केव्हा ठरवायचं, कोणती कागदपत्रं आड येतात, घरच्यांना काय सांगायचं, नावात काय पारखून घ्यायचं, एवढंच लिहा. अनुभवकथनही या धाग्यात नको, ही विनंती. वाचणारी आत्ता विसाव्या आठवड्यात असू शकते.

सुरुवात मी करते. नावाचं काम सोनोग्राफीच्या टप्प्यांना बांधलं तर ओझं विभागलं जातं. ११ ते १४ आठवड्यांतल्या तपासणीपर्यंत नावाचं नावही काढू नका. १८ ते २२ आठवड्यांत अवयवांची सविस्तर सोनोग्राफी होते, तिचा अहवाल हाती आला की दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच नावं लिहावीत आणि एकमेकांना न दाखवता आठवडाभर ठेवून द्यावीत. मग एकत्र बसायचं आणि दोघांपैकी एकालाही नको असलेलं प्रत्येक नाव कारण न विचारता खोडायचं. कारण विचारलं की वाद सुरू होतो, आणि या काळात तो नको असतो.

शेवटची निवड साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत करतात. पण आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल, तर याही खेपेला तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आधीचं बाळ तिसाव्या आठवड्यात झालं असेल तर चौतिसाव्याची वाट पाहू नका, २६-२८ पर्यंत कागद तयार ठेवा. कागदावर एक मुलाचं आणि एक मुलीचं नाव, देवनागरी आणि रोमन दोन्हीत, ठळक अक्षरांत लिहून दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवायचं. ऐन धावपळीत स्पेलिंग कोणीही सांगतं आणि तेच नोंदलं जातं.

शमी

मुलगा-मुलगी आधी कळत नसल्यामुळे काम दुप्पट होतं हे खरं. १९९४ च्या कायद्यानं आपल्याकडे लिंगनिदानाला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही रूपं होणारा एकच शब्द शोधायचा. चिन्मय-चिन्मयी, तन्मय-तन्मयी, अनुज-अनुजा, ईश-ईशा. नाहीतर दोघांनाही चालणारं नाव घ्यायचं: किरण, शीतल, मधु, शशी. ज्यांना पोटातल्या बाळाशी नावानं बोलायचं आहे त्यांनाही हे सोयीचं पडतं, जन्मानंतर हाक बदलावी लागत नाही.

नोंदवही

कागदपत्रांचं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घाई गैरसमजातून होते. 'दवाखान्यातून घरी जायच्या आत नाव सांगावंच लागतं' असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काहीही नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नाव न देता जन्म नोंदवता येतो. जन्म कळवायची मुदत २१ दिवस आहे, आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. फॉर्ममध्ये बाळाच्या नावाची जागा कोरी ठेवायला सांगा. पुढे नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून चढवता येतं.

पण कोरी जागा वर्षानुवर्षं तशीच ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरतात. नाव नसलेला दाखला या कामांना उपयोगी पडत नाही. पहिल्या वाढदिवसाच्या आत नाव चढवून घेणं सोयीचं.

उलट बाजूही सांगतो. नाव एकदा चढलं की ते बदलणं अवघड होतं. कलम १५ खाली चूक दुरुस्त होते, पण 'आता दुसरं नाव आवडलं' ही चूक नव्हे. त्यासाठी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा वेगळा रस्ता धरावा लागतो. म्हणून मन पक्कं नसेल तर जागा कोरी ठेवलेली परवडते, घाईघाईत काहीतरी सांगितलेलं परवडत नाही.

आणखी एक. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदपत्रांत या क्रमानं लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. नाव निवडताना हे चारही शब्द सलग मोठ्यानं म्हणून बघा. बाळाचं नाव पाच अक्षरी, आईचं चार, वडिलांचं चार आणि वर लांबलचक आडनाव असेल, तर पुढे प्रत्येक अर्जातल्या चौकटी अपुऱ्या पडतात. आईच्या नावाचं स्पेलिंग तिच्या आधारकार्डावर आहे तेच द्या. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावात फरक असेल तर आत्ताच ठरवा कोणतं द्यायचं.

केवडा

@नोंदवही, पहिल्या बाळंतपणाला किंवा जोखमीच्या खेपेला बाई माहेरी जाते. अशा वेळी नाव कुठे चढवायचं? सासरच्या गावी चालतं का?

नोंदवही

नोंद जन्म जिथे झाला तिथली. राहणं पुण्यात आणि बाळंतपण सोलापूरला झालं तर नोंद सोलापूर महापालिकेत, आणि नावही तिथूनच चढवायचं. जोखमीच्या बाळंतपणात हे हमखास विसरलं जातं, कारण ऐन वेळी तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या शहरात हलवतात. बाळ ज्या दवाखान्यात जन्मलं त्या हद्दीचं कार्यालय धरायचं. नंतर बाळाला ज्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं, त्याचा जन्मनोंदीशी संबंध नाही. गावात जन्म झाला असेल तर ग्रामपंचायत.

साधारण लागणारी कागदपत्रं: अर्ज, नाव नसलेला मूळ दाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आईवडील दोघांची ओळखपत्रं आणि सह्या. निघण्याआधी त्या कार्यालयात फोन करून विचारा, म्हणजे दोन खेपा होत नाहीत. दाखला हाती पडला की काउंटर सोडण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर अक्षर-अक्षर वाचा.

पेटीतलं_पाखरू

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी लिहिते, अतिदक्षता विभागातल्या कामाच्या माहितीवरून.

बाळाच्या मनगटावर किंवा पायावर जी पट्टी असते तिच्यावर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असतं. जुळं असेल तर पुढे एक, दोन. नाव ठरलं म्हणून मधेच ती पट्टी बदलायचा आग्रह धरू नका. रक्ताचे नमुने, औषधं, अहवाल सगळं त्याच ओळखीनं चालतं, आणि मधेच नाव बदललं तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या फाइलला लागण्याचा धोका असतो. नाव ठरलंच असेल तर छोट्या कागदावर लिहून पेटीच्या बाहेरच्या बाजूला चिकटवायला मागा. पुष्कळ ठिकाणी परवानगी मिळते, आणि सिस्टरही मग त्या नावानं बोलतात.

बारसं बाराव्या दिवशीच व्हायला हवं, या हट्टापायी खूप ओढाताण होते. बाळ पेटीत असताना आईवडिलांनी कांगारू पद्धतीनं छातीशी धरलं असेल तेव्हा कानात नाव सांगावं. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळालाही आवाज ऐकू येतो. पाळण्याचा समारंभ घरी आल्यावर, तोही वजन वाढायला लागल्यावर. बाळ बारा आठवडे आधी आलं असेल तर जन्मानंतर तीन महिन्यांनी त्याचं दुरुस्त वय, म्हणजे डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजलेलं वय, शून्य धरतात. त्या सुमाराला बारसं केलं तर बाळही जरा सावरलेलं असतं आणि आईही.

बारशात तीन गोष्टी कटाक्षानं टाळा, मग आजेसासूबाई रागावल्या तरी चालेल. एक, मध चाटवणं. वर्षाच्या आतल्या कोणत्याही बाळाला मध देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो. दोन, धुरी. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांना धूर अजिबात सोसत नाही. तीन, पाळण्याभोवतीची गर्दी आणि पापे. गाणं म्हणायला, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करायला पाचजणी पुरतात. सर्दी-खोकला असलेल्यांनी बाळ मोठं झाल्यावर यावं.

आणि बाळ चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी असते. त्या तारखेच्या आड बारसं येऊ देऊ नका.

घटिकापात्र

जन्माक्षरावरून नाव ठेवणाऱ्यांसाठी. दिलेल्या तारखेवरून आधीच अक्षर काढून ठेवणं निरर्थक आहे. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस असतो, म्हणजे एक चरण साधारण सहा तासांचा. बाळंतपण सकाळचं संध्याकाळवर गेलं तरी अक्षर बदलतं, मग तीन आठवडे आधी झाल्यावर काय राहणार? दिलेल्या तारखेला नेमकी फार थोडी बाळं जन्मतात. ज्यांचं सिझेरियन ठरलेलं असतं त्यांनीही अक्षरासाठी वेळ मागू नये. आधी त्रास झालेल्या बाईची वेळ डॉक्टर ठरवतील.

अक्षर अडचणीचंही येऊ शकतं. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ण आणि ङ वरून नाव कुठून आणणार? परंपरेनंच यावर तोड काढून ठेवली आहे. नामकरणात चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. नक्षत्राचं नाव कानात सांगायचं, दाखल्यावर व्यावहारिक नाव. दोन्ही एक असायलाच हवीत असं नाही.

मासनाम फार थोड्यांना ठाऊक असतं. मार्गशीर्षापासून क्रमानं कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष. ज्यांना पोटातल्या बाळाला काही म्हणावंसं वाटतं पण पक्कं नाव घ्यायची भीती वाटते, त्यांनी चालू महिन्याचं नाव घ्यावं. महिना पालटला की नाव पालटतं, म्हणून त्यात अडकून पडायला होत नाही.

माणदेश

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आग्रह कुठून येतो तेही समजून घ्यायला हवं. मुलं जगत नसत त्या काळात धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकिरडा, भिकू, कोंडू, मुलींना धोंडी, भिकी, कचरा अशी नावं ठेवत. मोलाचं काही नाही असं दाखवलं की दृष्टही लागत नाही आणि सटवीही नाद सोडते, ही समजूत. नवसाची नावं वेगळी: खंडेराव, मल्हारी, भैरू, नवसू. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते.

'नकोशी' मात्र या यादीत घालू नका. ते नाव मुलगी नको म्हणून ठेवलेलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींचं समारंभपूर्वक नामांतर करावं लागलं. धोंडू नावामागे जीव वाचावा ही तळमळ होती, नकोशीमागे तिरस्कार.

आजीचा आग्रह मोडवत नसेल तर पाळण्यात घालताना तिनं धोंडू म्हणावं, सव्वा महिना म्हणावं. नोंदीत ते जाऊ देऊ नका. आजीचंही समाधान होतं आणि पोराला शाळेत त्रासही होत नाही.

शब्दसखी

अर्थ तपासल्याशिवाय नाव पक्कं करू नका, आणि तपासणी नावांच्या संकेतस्थळांवर करू नका. तिथे निम्म्या नावांचा अर्थ 'विष्णूचा अंश' नाहीतर 'सूर्याचा किरण' दिलेला असतो. रेयांश, कियांश ही 'अंश' जोडून हल्ली घडवलेली नावं, त्यांच्या पहिल्या भागाला संस्कृतात आधार नाही. ठेवू नका असं म्हणत नाही, जे ठेवाल ते माहीत असून ठेवा. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही जालावर फुकट शोधता येतात. शब्द दोन्हीकडे नसेल तर तो फारसी, हिंदी किंवा नवा घडवलेला असण्याची शक्यता धरा.

या धाग्याच्या दृष्टीनं दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. एरवी सहज वाटणारं नाव अशा घरात टोचू शकतं. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. विदेह म्हणजे देह नसलेला. अनंगचंही तेच. अभिमन्यू वीर खरा, पण कोवळ्या वयात गेला. बाळाच्या आजारपणात कोणीतरी हे अर्थ बोलून दाखवतंच. नावाचा अर्थ आणि त्या नावाच्या व्यक्तीचा शेवट, दोन्ही बघा.

ओंजळ

परीक्षितबद्दल काय वाटतं? उत्तरेच्या पोटातल्या बाळावर अश्वत्थाम्यानं अस्त्र सोडलं, ते मृत जन्मलं, कृष्णानं जिवंत केलं. कुळ क्षीण झालं असताना जन्मला म्हणून परीक्षित.

शब्दसखी

नाव देखणं आहे, उच्चाराला सोपं आहे. पण कुळ वाचवणारा हा भार त्या नावातच आहे, आणि अशा घरातल्या मुलावर तो न सांगताही पडतो. नवस, प्रसाद, आशा, अपेक्षा, प्रतीक्षा या नावांचंही मला तसंच वाटतं. वाट बघणं आईबापांचं झालं, त्यात मुलाचं काय? त्यापेक्षा अनुज, अनुजा किती नेमकं! मागून जन्मलेला, मागून जन्मलेली. आधी कोणीतरी होतं हे त्यात येतं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना ते साधं, चालू नाव वाटतं.

केवडा

प्रसाद आणि आशाबद्दल असहमत. ही नावं इतकी रुळलेली आहेत की त्यांचा भार कुणाला जाणवत नाही. वर्गात तीन प्रसाद असतात. भार नावामुळे येत नाही, घरात रोज 'तू किती नवसानं झालास' असं ऐकवण्यामुळे येतो. ते थांबवलं तर नाव काहीही असो.

शब्दसखी

दुसरा मुद्दा मान्य.

पारवा

कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच मांडतो. आधीच्या बाळासाठी ठरवलेलं नाव या बाळाला द्यावं का?

माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे, जर ते नाव त्या बाळाच्या संदर्भात घरात उच्चारलं गेलं असेल तर. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३ चा. बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, त्याच्या आईला मृत मुलगा झाला होता आणि त्याचंही नाव व्हिन्सेंटच ठेवलं होतं. हयात मुलाला स्वतःच्या नावाची कबर बघावी लागणं ही क्रूर गोष्ट आहे. आपल्याकडे गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला देतात, त्यात वारसा असतो. गेलेल्या भावंडाचं दिलं तर तुलना येते: तो असता तर आज एवढा असता, तो असता तर असं केलं नसतं.

कागदोपत्रीही गुंता होतो. आधीचं बाळ जिवंत जन्मून तासाभरानं जरी गेलं असेल तरी कायद्यानं जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात. तिथे नाव चढवलेलं असेल आणि तेच पुन्हा दिलं, तर एकाच आईवडिलांच्या नावे एकाच नावाच्या दोन जन्मनोंदी राहतात. २८ आठवड्यांनंतरच्या मृतजन्माची नोंद वेगळ्या नमुन्यात होते, तिथे हा गोंधळ होत नाही. त्याआधीच्या गर्भपाताची जन्मनोंदच नसते.

शमी

एक सूट ठेवा. नाव फक्त यादीत होतं, बाळाला उद्देशून कधी वापरलं नव्हतं, तर ते त्या बाळाचं झालेलं नसतं. फार आवडीचं एकच नाव असेल आणि दोघांचीही त्याला हरकत नसेल तर घ्यावं. दोघांपैकी एकाचा जरी आवाज ते नाव घेताना अडखळत असेल तर सोडून द्यावं. मधला मार्गही आहे: त्याच अर्थाचं दुसरं नाव. आदित्य ठरलं होतं तर आता मिहीर किंवा भास्कर.

पारवा

हे पटलं.

दुपाखी

जुळं असेल त्यांच्यासाठी एकच पण महत्त्वाचं. जोडीनं बांधलेली नावं ठेवू नका. लव-कुश, नकुल-सहदेव, राम-लक्ष्मण. आयव्हीएफमध्ये जुळ्यांचं प्रमाण जास्त असतं आणि जुळ्यांत अपुऱ्या दिवसांचा धोकाही जास्त असतो. दोघांपैकी एकाला काही झालं तर दुसऱ्याचं नाव जन्मभर अर्धं राहतं. नुसतं कुश ऐकलं की लोक पहिला प्रश्न लव कुठे असाच विचारतात. प्रत्येक नाव एकट्यानं उभं राहील असं घ्या. लिंग माहीत नसतं म्हणून यादीत दोन मुलांची आणि दोन मुलींची, अशी चार नावं लागतात. रोमनमधली आद्याक्षरं वेगळी ठेवा, म्हणजे औषधांच्या चिठ्ठ्यांवर गल्लत होत नाही.

टेम्सकाठ

परदेशातल्यांसाठी. इंग्लंडमध्ये जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असतो, स्कॉटलंडमध्ये २१. इंग्लंडमध्ये नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव बदलून घ्यायची सोय आहे. अमेरिकेत दवाखान्यातून निघण्याआधीच जन्मदाखल्याचा फॉर्म भरून घेतात आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाची मागणीही त्यातच असते, त्यामुळे तिथे नाव आधी ठरलेलं बरं. लिंग आधी सांगतात, म्हणून निदान यादी एकच लागते. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून २४ आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळासाठी ऐच्छिक प्रमाणपत्र मिळतं. ते आधी घेऊन मग नव्या बाळाच्या नावाकडे वळता येतं.

बाळाला भारतीय नागरिकत्व ठेवायचं असेल तर जन्मापासून वर्षाच्या आत दूतावासात नोंद करा. नाव तिथल्या दाखल्यावर आहे तसंच, अक्षरही न बदलता.

उच्चारासाठी ज्ञ, ऋ, ळ आणि आघात येणारी जोडाक्षरं तपासा. ज्ञानदा नाव सुंदर, पण रोमनमध्ये डी-एन-वायनं सुरू झालं की तिथले शिक्षक थबकतात. हर्षित, लक्षित यांची शेवटची चार रोमन अक्षरं इंग्रजी शाळेत त्रासाची ठरतात.

बंदरपाखाडी

ख्रिस्ती घरांत नाव बाप्तिस्म्याशी जोडलेलं असतं. जोखमीचं बाळंतपण असेल तर हे माहीत असू द्या: बाळाच्या जिवाला धोका असेल तर पाद्रीबाबांची वाट न बघता कोणीही, अगदी सिस्टरही, पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर बाळ सुखरूप घरी आलं की उरलेले विधी चर्चमध्ये होतात, बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही. म्हणजे त्या क्षणी घेतलेलं नावच पुढे राहतं. एक नाव तयार असायला हवं ते यासाठी.

मैत्री_स

समुपदेशनाच्या बाजूनं थोडं. नाव ठरवावंसंच न वाटणं, कपडे-पाळणा आणावासा न वाटणं, हे अशा खेपेला अगदी नेहमीचं आहे. त्याचा अर्थ आईला माया नाही असा होत नाही, आणि तिला तसं ऐकवूही नये. काही जणींना नावानं हाक मारल्यावर धीर येतो, काही जणींना बाळ कुशीत आल्याशिवाय नाव घेता येत नाही. दोन्ही ठीक. नवरा-बायकोचं यात जुळलं नाही तर जिला वा ज्याला थांबायचं आहे त्याचं ऐकावं. थांबल्यानं काही बिघडत नाही, वरची कायद्याची माहिती वाचलीच आहे.

नातेवाइकांना एकच वाक्य एकाच माणसानं सांगावं, शक्यतो बाळाच्या वडिलांनी. 'नावं सुचवायची असतील तर बाळ घरी आल्यावर सांगा, तोवर हिच्यापुढे विषय नको.' आत्यांचा मान मोठा, म्हणून त्यांना आधी आणि वेगळं सांगावं: 'नाव तुम्हीच पुकारायचं आहे, कोणतं ते आम्ही बारशाच्या आदल्या दिवशी कळवतो.' मान राहिला की बहुतेक आत्या समजून घेतात.

नाव कोरलेला पाळणा, भरतकामाचं दुपटं, पाटी, छापील आमंत्रणं यांतलं काहीही आधी करवून घेऊ नका. ज्यांना डोहाळजेवण नको आहे त्यांच्यावर ते लादू नका, घरच्या घरी ओटी भरली तरी पुरतं. मोबाइलमधल्या गर्भारपणाच्या अ‍ॅपमध्ये आधीच्या खेपेची तारीख राहिली असेल तर ते खातं पूर्ण पुसा. नाहीतर 'तुमचं बाळ आता एक वर्षाचं झालं, नावाची पाटी मागवा' अशा सूचना येत राहतात.

सलग दोन आठवडे झोप येत नसेल, प्रत्येक सोनोग्राफीआधी श्वास कोंडत असेल किंवा बाळाचा विचारच नकोसा वाटत असेल तर आपल्या डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

केवडा

एक राहिलं. आधीच्या बाळाला नाव दिलेलं नव्हतं आणि आता द्यावंसं वाटतं, असं असेल तर?

मैत्री_स

द्यावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि कोणत्याही कार्यालयात जावं लागत नाही. जमलं तर या बाळाच्या याद्या करायला बसण्याआधी द्या. दोन्ही नावं एकाच बैठकीत ठरवायला घेतली की चांगलं नाव कोणाला, यावर मन अडकतं.

ओंजळ

@नोंदवही, शेवटचा प्रश्न. फॉर्म दवाखान्यातला कारकून भरतो. आपण तो पाठवण्याआधी बघू शकतो का?

नोंदवही

मागून घ्या, बहुतेक ठिकाणी दाखवतात. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीवरच विचारायचं. तपासायचं ते असं: जन्माची तारीख आणि वेळ (मध्यरात्रीच्या बाळंतपणात तारीख हमखास चुकते), लिंग, आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग, कायमचा पत्ता, आणि नाव ठरलं नसेल तर ती जागा खरंच कोरी आहे ना. काही ठिकाणी तिथे 'बेबी' असं टाकतात. तसं दिसलं तर खोडायला लावा, नाहीतर 'बेबी' हेच नाव म्हणून नोंदलं जातं आणि मग दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.